पाणलावा, मृगजळ आणि नेम

नागपूरच्या गोरेवाड्याच्या तलावाचं पाणी मार्चमध्ये मागे सरकू लागलं की काठच्या चिखलात पाणलावे असतात. असतात म्हणजे दिसतातच असं नाही. मातकट, पट्टेरी पाठ, लांब सरळ चोच. चार हातांवर बसलेला पक्षी पाय पडेपर्यंत कळत नाही, आणि उठला की असा वेडावाकडा उडतो की दुर्बीण फिरवून मान दुखते. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी याची शिकार करत. पक्ष्याचं इंग्रजी नाव स्नाइप, म्हणून त्याला टिपणारा तो स्नायपर. लपून, दुरून अचूक नेम मारणाऱ्या सैनिकासाठी जगभरच्या सैन्यांत रुळलेला हा शब्द आपल्याकडच्या चिखलातून गेलाय, हे मला सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या पुस्तकात सापडलं. तेव्हापासून स्नायपरांच्या युद्धातल्या आठवणी दिसल्या की मी घेतोच.

सुरुवात केली ती अचूक नेमाच्या कौतुकापायी. पण या पुस्तकांत गोळी क्वचितच सुटते. बाकी सगळं थंडी, वारा, ऊन आणि तासन् तास पडून राहणं. आधी कंटाळा यायचा. खरं विज्ञान तिथेच आहे हे कळलं ते शेजारच्या काकांमुळे. काका फौजेतून निवृत्त झालेले; स्नायपरचं काम त्यांनी शिकलेलं आणि शिकवलेलंही.

एकदा सकाळी दहाच्या सुमाराला मी तिपाईवर दुर्बीण लावून पलीकडचा काठ पाहत होतो. सगळं चित्र पाण्याखालच्यासारखं थरथरत होतं. वैतागून मी सामान आवरायला लागलो. काका म्हणाले, "काहून आवरतो? तेच तं पाहाचं असते."

जमीन तापली की तिच्यालगतची हवा तापून विरळ होते. विरळ हवेतून प्रकाश किंचित वेगळा वळतो, आणि हे गरम-थंड थर सतत हलत असल्यामुळे चित्र थरथरतं. मे महिन्यात वर्धा रोडच्या डांबरावर दिसणारं पाणी याच कुळातलं. काकांनी दुर्बिणीचा फोकस काठाच्या जरा अलीकडे आणला. आता काठ पुसट झाला, पण मधल्या हवेच्या लाटा स्पष्ट झाल्या. त्या सरळ वर उकळत असतील तर वारा नाही, किंवा तो अगदी समोरून वा पाठीमागून आहे. तिरक्या झाल्या तर त्या बाजूला वाहतोय. जितक्या आडव्या, तितका जोर. "डावीकडून, हलका," काका म्हणाले. पलीकडचं गवत उजवीकडे झुकत होतं.

गोळीला या हवेची पर्वा का करावी लागते? आपल्या सैन्यानं वर्षानुवर्षं वापरलेली द्रागुनोव्ह रायफल घ्या. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८३० मीटर वेगानं निघते. हवा मुळीच नसती तरी ८०० मीटर जाईपर्यंत ती साडेचार मीटर खाली आली असती. हवेच्या अडथळ्यानं वेळ वाढतो आणि घसरण त्याहून जास्त होते. नागपुरात जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश असेल, तर दुपारची हवा जवळपास ११ टक्क्यांनी विरळ. शिवाय तापलेली दारू जास्त वेगानं जळते. म्हणजे तीच रायफल, तोच हात, पण मे महिन्यात गोळी वर लागणार. म्हणून स्नायपर वही ठेवतो: तापमान, वारा, अंतर, गोळी कुठे लागली. प्रयोगशाळेतली वही याहून वेगळी नसते.

पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम लोकांना फार आवडतो. तो खरा आहे, पण नागपूरच्या अक्षांशावर एक किलोमीटरला गोळी त्यामुळे बाजूला सरकते ती जेमतेम ५ सेंटिमीटर. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा तेवढ्याच अंतरात गोळी एक मीटरहून जास्त ढकलतो. आणि एक मीटर लांब रायफलचं टोक एक मिलिमीटर हललं, तर किलोमीटरभरावर नेम एक मीटर चुकला! म्हणून श्वास सोडून झाल्यावरच्या त्या छोट्या विरामात चाप ओढायचा.

फिनलंडचा स्नायपर सिमो हायहा. त्यानं १९३९-४० च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या हिवाळी युद्धात रायफलला दुर्बीण न लावता, नळीवरच्या साध्या लोखंडी माशीनं (नेम धरायच्या खुणेनं) नेम धरला. दुर्बिणीसाठी डोकं थोडं वर काढावं लागतं आणि काच चमकते. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तो तोंडात बर्फ धरायचा. मला तरी हे कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं वाटतं. स्टालिनग्राडच्या लढाईतला सोव्हिएत स्नायपर वासिली झायत्सेव्ह याचं जर्मन मेजरशी झालेलं गाजलेलं द्वंद्व मात्र मी जरा शंकेनंच वाचतो. त्या मेजरची जर्मन कागदपत्रांत नोंद सापडलेली नाही. सोव्हिएत स्नायपर ल्युदमिला पावलिचेन्को हिच्या नावावर ३०९ बळी आहेत. हा आकडा वाचताना कौतुक जरा अडखळतं, आणि अडखळावंच.

काकांना मी एकदाच विचारलं, तुमचे किती. त्यांनी ऐकलं नसावं. ते दुर्बिणीतून जवळच्या चिखलापासून सुरुवात करून डावीकडून उजवीकडे, मग थोडं पुढे सरकून उजवीकडून डावीकडे, असे पट्टे पाडत बघत होते. मध्येच थांबले.

"तो पाहा पाणलावा. खुंटाच्या सावलीत."

मी डोळा लावला. नुसता चिखल.

"दोन हायेत," काका म्हणाले. मला अजून पहिलाच सापडत नव्हता.