दिव्यापेक्षा वायरिंग जुनी: पिकअपवरच्या एलईडी लाइटच्या बिघाडांमागचा इतिहास

पिकअपवर बाहेरून बसवलेल्या एलईडी लाइटच्या तक्रारी ठरलेल्या असतात. इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतो. बटण बंद केलं तरी मागचा लाइट मंद पेटत राहतो. बल्ब नवा असूनही डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते. लाइटबार (एलईडींची लांब पट्टी) लावला की रेडिओत खरखर सुरू होते. पहिला संशय लाइटवर जातो, दुसरा लाइट आणून बसवला जातो आणि तक्रार जागच्या जागी राहते. गाडीतली वायरिंग अनेक दशकं तारेच्या (फिलामेंटच्या) बल्बसाठी आखली गेली, हे त्यामागचं कारण. तो बल्ब उजेड देता देता आणखीही बरीच कामं करत होता. एलईडीने उजेडाचं काम घेतलं, बाकीची कामं वाऱ्यावर सुटली. कोणती तक्रार कोणत्या काळातल्या रचनेतून आली हे ठाऊक असलं, तर हात नेमका कुठे घालायचा ते कळतं.

मोटारीत वीज खऱ्या अर्थाने रुजली ती १९१२ च्या कॅडिलॅकपासून. चार्ल्स केटरिंग यांनी त्या गाडीसाठी विजेवरचा स्टार्टर, इग्निशन आणि दिवे एका व्यवस्थेत आणले. त्याआधी बऱ्याच गाड्यांचे पुढचे दिवे ॲसिटिलीन वायूवर जळत. विजेबरोबर तांब्याची काटकसरही आली. प्रत्येक दिव्याला दोन वायरी नेण्यापेक्षा एकच न्यायची आणि परतीचा मार्ग म्हणून गाडीची लोखंडी चासी वापरायची, ही पद्धत रूढ झाली. तारेच्या बल्बला प्लस कोणता, मायनस कोणता याचं काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे चासी बॅटरीच्या कोणत्या टोकाला जोडायची याबाबतही एकवाक्यता नव्हती. फोर्डच्या गाड्या १९५५ पर्यंत सहा व्होल्टवर आणि पॉझिटिव्ह अर्थवर, म्हणजे चासी बॅटरीच्या प्लसला जोडून, चालत. १९५६ मध्ये त्या बारा व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थवर आल्या. जुन्या गाडीत एलईडी पेटतच नसेल, तर अर्थ कोणता आहे हे आधी बघावं लागतं. एलईडी डायोड आहे, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देतो; उलटा जोडला की तो गप्प बसतो.

एका वायरीची ही काटकसर कारपेक्षा पिकअपला जास्त नडते, आणि इथे थोडं थांबायला हवं. कारची बॉडी बहुधा एकसंध असते. पिकअपमध्ये खाली चासी, तिच्यावर रबरी बुशवर बसलेली केबिन आणि मागे वेगळा बोल्ट केलेला हौदा, असे तीन तुकडे असतात. रबरातून वीज जात नाही, रंगातूनही जात नाही. त्यांना विजेने जोडून ठेवतात त्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि काही बोल्ट. चिखल, मीठ आणि पाणी वर्षानुवर्षं नेमकं तिथेच बसतं. हौद्याला आतून रबरी थर मारताना किंवा गाडी पुन्हा रंगवताना अर्थचा बोल्ट रंगाखाली गेला, तर वरून सगळं ठाकठीक दिसतं. बोल्ट काढून थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्याखाली) पाहिलं की तपकिरी गंजाचं कडं दिसतं, किंवा चकचकीत रंग दिसतो आणि मध्ये बोल्टच्या आट्यांपुरताच धातू उघडा असतो. तेवढ्यातूनच सगळा करंट परत जात असतो. २०१५ पासून फोर्डच्या एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची झाली. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप चढतो, शिवाय तांबं किंवा स्टील त्याला टेकलेलं असेल आणि ओलावा असेल तर सांध्यावर ॲल्युमिनियम झिजतं. अशा गाडीत मिळेल तिथे स्क्रू मारून अर्थ घेणं म्हणजे पुढच्या बिघाडाची सोय करून ठेवणं. कंपनीने दिलेल्या अर्थच्या जागाच वापराव्यात.

अर्थ कमजोर झाला तरी करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. मागच्या दिव्याचा अर्थ तुटला की ब्रेकचा करंट शेजारच्या टेललाइटच्या तारेतून उलटा फिरून दुसऱ्याच दिव्यावाटे परततो. तारेचे बल्ब असताना हा प्रवास दिवे अंधूक करायचा आणि माणूस समजून जायचा. एलईडीला काही मिलिअँपिअर पुरतात. मग ब्रेक दाबला की टेललाइट उजळतो, इंडिकेटरबरोबर नंबरप्लेटचा दिवा थरथरतो, असे चमत्कारिक प्रकार दिसतात. भलतेच दिवे एकमेकांच्या तालावर पेटत असतील, तर लाइट सोडून अर्थ तपासावा. माझ्या मते पिकअपवरच्या एलईडीच्या तक्रारींत एवढी सरळ खूण दुसरी नाही.

इंडिकेटरची गोष्ट वेगळी आहे. लुकलुकणारे इंडिकेटर कंपनीतूनच देण्याची सुरुवात ब्यूकने १९३९ च्या मॉडेलवर केली. पुढे कित्येक वर्षं फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, ही डब्यातली एक धातूची पट्टी होती. बल्बचा करंट तिच्यातून गेला की ती तापून वाकायची, सर्किट तुटायचं, पट्टी थंड झाली की पुन्हा जुळायचं. बल्बचा करंट हेच त्या फ्लॅशरचं घड्याळ होतं. २१ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, त्याच जागेवरचा एलईडी त्याच्या एखाद-दशांशाइतका करंट घेतो. इतक्या कमी करंटवर जुन्या पट्टीचा फ्लॅशर अडूनच बसतो; लाइट पेटतो आणि पेटलेलाच राहतो. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये करंट मोजून बल्ब गेला की नाही हे ठरवायची सोय होती, गेला असेल तर वेग वाढवून चालकाला कळवायचं. एलईडी लावल्यावर इंडिकेटर भराभर लुकलुकतो तो यामुळे. फ्लॅशर बिघडलेला नसतो, तो त्याला नेमून दिलेलं कामच करत असतो.

यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे बल्बसारखा करंट मुद्दाम ओढणारा लोड रेझिस्टर, सहसा सहा ओहमचा आणि पन्नास वॅटचा. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरले, तर त्यातून सव्वादोन अँपिअर जातात आणि तीस वॅट उष्णता निघते. लुकलुकताना ती मध्येमध्ये थांबते. पण तोच रेझिस्टर ब्रेकच्या सर्किटवर असेल आणि गाडी पाय ब्रेकवर ठेवून उभी असेल, तर तो सतत तापत राहतो. दिव्याच्या प्लास्टिकवर किंवा वायरींच्या जुडग्यावर बांधलेला रेझिस्टर ते वितळवतो. तो पत्र्यावरच कसावा. फ्लॅशर वेगळा काढता येत असेल तर एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवणं जास्त बरं. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र स्वतंत्र फ्लॅशर उरलेलाच नाही, त्याचं काम बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या संगणकाकडे, गेलं आहे.

या मॉड्यूलपर्यंतचा रस्ता बॉश या जर्मन कंपनीतून जातो. गाडीतल्या संगणकांनी दोन वायरींवर एकमेकांशी बोलायची कॅन बस ही पद्धत बॉशने १९८६ मध्ये जाहीर केली, आणि नव्वदच्या दशकात ती गाड्यांत आली. हळूहळू बटण आणि दिवा यांचा थेट संबंध तुटला. बटण फक्त मागणी नोंदवतं, करंट सोडायचा की नाही आणि किती हे मॉड्यूल ठरवतं. बल्ब शाबूत आहे का हे पाहायला ते दिवा बंद असतानाही बारीक स्पंदनं सोडतं. तार त्याने तापतही नाही, एलईडी मात्र त्यावर अंधारात मंद चमकतो. अनेक गाड्यांत बल्बचं आयुष्य वाढावं किंवा एकाच बल्बने कमी-जास्त उजेड द्यावा म्हणून मॉड्यूल पुरवठा सेकंदाला शंभरएक वेळा चालू-बंद करतं. तार तापलेली असल्याने ते डोळ्याला कळत नाही, एलईडी प्रत्येक वेळी विझतो. इथे मल्टिमीटरही फसवतो: निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद अशा बारा व्होल्टला तो सहाच्या आसपास दाखवतो आणि पाहणारा वायर खराब समजून ती उकलत बसतो. अशा वायरीवरून लाइटबारला थेट सप्लाय तर घेऊच नये. तिच्यावरून फार तर रिलेला (लहान करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला) इशारा घ्यावा, आणि तोही कापलेल्या पुरवठ्यावर रिले टकटक करू लागला तर मध्ये योग्य मॉड्यूल लागतं.

रिलेचं किट ही आडरानातल्या शर्यतींची देणगी म्हणता येईल. युरोपात १९६२ मध्ये एच-१ हा हॅलोजन बल्ब आला. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पावरची, हजार मैलांच्या नावाने ओळखली जाणारी शर्यत १९६७ मध्ये सुरू झाली. रात्री वाळवंटात गाडी हाकायची तर शंभर वॅटचे दिवे हवेत, आणि असे दोन दिवे बारा व्होल्टवर साडेसोळा अँपिअरच्या वर घेतात. डॅशबोर्डवरचं बटण तेवढा भार सोसत नाही, म्हणून जाड वायर बॅटरीकडून रिलेत आणि बारीक वायर बटणाकडे, ही रचना पक्की झाली. रिलेवरचे ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे जर्मन मानकातले. ३० वर बॅटरी, ८७ वर दिवा, ८५ आणि ८६ ही रिले चालवणाऱ्या कॉइलची टोकं. पाच पायांच्या रिलेत मधल्या पायावर कधी ८७ असतं, कधी ८७ए. ८७ए असेल तर रिले बंद असताना तो पाय ३० शी जोडलेला राहतो. वायर तिथे गेली तर लाइटबार गाडी उभी असताना पेटतो आणि बटण दाबल्यावर विझतो. काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड असतो. तिथे ८५-८६ ची अदलाबदल केली की फ्यूज उडतो.

वायरींच्या रंगांवरही या वेगवेगळ्या परंपरांचा पगडा आहे. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ. अमेरिकन ट्रेलरच्या चार पिनांच्या जोडणीत तपकिरी म्हणजे टेललाइट आणि पांढरी म्हणजे अर्थ. एलईडी किटमध्ये बहुतेकदा काळी वायर अर्थ असते. हौद्याच्या फाळक्याखाली लावायची पट्टी ट्रेलरच्या प्लगवरून जोडताना हे तिन्ही रिवाज एकाच जुडग्यात भेटू शकतात. रंगावर विसंबू नये, मीटर लावून खात्री करावी. अमेरिकन पद्धतीत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरीवर असतात, बाकी जगात बहुतांशी वेगळ्या. पट्टी एका पद्धतीची आणि गाडी दुसऱ्या पद्धतीची असेल तर मध्ये कन्व्हर्टर घालावाच लागतो.

खुद्द एलईडीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये बनवला. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून कारना आणि १९९४ पासून हलक्या ट्रकना तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा झाला, आणि लाल एलईडीला गाडीवर हक्काची जागा मिळाली. तार तापायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, एलईडी लगेच पेटतो. मागच्या चालकाला तेवढा वेळ जास्त मिळतो. पांढऱ्या उजेडासाठी प्रखर निळा एलईडी हवा होता. तो शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये निचिया कंपनीत आणला. त्या कामासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. लेक्ससने २००७ मध्ये एलएस ६००एच वर एलईडीचा लो बीम दिला. त्यानंतर लाइटबारचा बाजार फोफावला.

जुन्या हॅलोजनच्या सवयीने लाइटबार जोडण्यात एक धोका आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वायर बारीक असली किंवा सांधा सैल असला की तारेच्या बल्बला व्होल्ट कमी मिळायचे, तो करंट कमी घ्यायचा आणि उजेड पिवळा पडायचा. बिघाड डोळ्यांना दिसायचा. चांगल्या लाइटबारमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट, उजेड कायम ठेवायला बघतो, व्होल्ट घसरले तर करंट वाढवतो. १२० वॅट खरोखर घेणारा बार साडेतेरा व्होल्टवर नऊच्या जवळपास अँपिअर घेतो, अकरा व्होल्टवर अकराच्या जवळपास. म्हणजे सांधा जितका खराब तितका त्यातला करंट जास्त आणि तितका तो तापणार, वरून उजेड मात्र तसाच. ड्रायव्हरची किमान मर्यादा ओलांडली गेली की बार एकदम विझतो, भार सुटल्याने व्होल्ट चढतात, तो पुन्हा पेटतो. ही फडफड लाइटच्या दोषासारखी दिसते, पण दोष त्याच्या आधीच्या वायरीत असतो. फ्यूज इथे वेळेवर उडेलच असं नाही, कारण तो करंट ओळखतो, तापलेला सांधा ओळखत नाही. रेडिओतली खरखरही या ड्रायव्हरचीच. तो सेकंदाला हजारो वेळा करंट कापतो आणि लांबलचक वायरी त्याच्या अँटेना होतात. प्लस आणि मायनस वायरी एकमेकींभोवती पिळून नेल्या आणि ड्रायव्हरजवळ फेराइटचं (खरखर शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचं) कडं घातलं की ती बहुधा कमी होते.

तपासायची हत्यारंही बल्बच्याच काळातली आहेत. जुना टेस्ट लॅम्प म्हणजे दांड्यात बसवलेला लहान बल्ब, तो पेटायला पाव अँपिअरच्या आसपास करंट लागतो. सांधा निदान तेवढा भार पेलतो, हे त्यावरून कळायचं. डिजिटल मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी तो पुरे बारा व्होल्ट दाखवतो, आणि एलईडीचा टेस्टर त्याच चुकीवर शिक्कामोर्तब करतो. टेस्ट लॅम्प मॉड्यूलच्या सिग्नलच्या वायरींना मात्र लावू नये, त्याचा करंट त्यांना झेपत नाही. वायरीचा कस लागतो तो दिवा चालू असताना. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं लाइटच्या अर्थच्या वायरीवर धरावं. दिवा पेटलेला असताना एक-दोन दशांश व्होल्ट ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर वाटेतला एखादा बोल्ट, पट्टी किंवा थिंबल दोषी. मग मीटरचं दुसरं टोक चासीवर, हौद्यावर, बोल्टच्या डोक्यावर असं एकेक सांधा करत लाइटकडे न्यायचं. आकडा जिथे एकदम उडी मारतो तो सांधा उघडायचा. प्लसच्या बाजूलाही हेच, बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, रिलेचा ३०, रिलेचा ८७ आणि लाइटचा प्लस या क्रमाने.