केकचा तळ टिनमध्येच का राहतो?

टिन उपडा केला, पाठीवर दोन थापा मारल्या, तर केक आला तो अर्धाच. तळाची चकती टिनला घट्ट. दोष बहुतेकदा तुपाला दिला जातो आणि पुढच्या वेळी ते दुप्पट लावलं जातं. त्यानं फारसा फरक पडत नाही. तूप किती लावलं यापेक्षा केक धरेपर्यंत, म्हणजे भाजून घट्ट होईपर्यंत, ते लावलेल्या जागी राहिलं का, हे महत्त्वाचं असतं.

हाताला गुळगुळीत लागणारा ॲल्युमिनियमचा टिन सूक्ष्मदर्शकाखाली खाचाखळग्यांनी भरलेला दिसतो. पातळ बॅटर त्या खाचांत उतरतं आणि तिथेच शिजतं. अंड्याच्या पांढऱ्यातली काही प्रथिनं ६०-६५ अंश सेल्सिअसला गोठू लागतात, मुख्य प्रथिन ८० च्या आसपास. बॅटरमध्ये साखर असल्यामुळे हे आकडे आणखी वर सरकतात. उष्णतेनं उलगडलेली प्रथिनं जशी एकमेकांना धरतात तशी धातूलाही धरतात. त्याच सुमारास मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्याची खळ होते. हे दोन गोंद ओव्हनमध्ये तयार होतात. तिसरा गोंद साखरेचा. कडेला पाणी उडून जातं, तिथे पाक घट्ट होतो. गरम असेपर्यंत तो मऊ असतो. थंड झाला की चिक्कीच्या पाकासारखा आवळतो. म्हणूनच ओव्हनमधून काढताना सुटा वाटणारा केक दोन तासांनी हलत नाही.

आता टिनला काय लावायचं ते. नुसतं तेल उभ्या कडेवर टिकत नाही, ओघळून तळाशी साचतं. मग तळ तळल्यासारखा होतो आणि कडा कोरड्या राहून चिकटतात. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी आणि थोडे दुधाचे घन कण असतात. हे कण स्वतःच टिनला चिकटून करपतात. त्यापेक्षा थिजलेलं साजूक तूप किंवा वनस्पती तूप बरं. मात्र आपल्याकडे मे महिन्यात साजूक तूप बरणीतच पातळ झालेलं असतं. अशा वेळी टिनला तुपाचा पातळ हात द्या, टिन १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग मैदा भुरभुरवा.

हा मैदा कशासाठी? तूप कितीही थिजवलं तरी ओव्हनमध्ये केक धरायच्या कितीतरी आधी ते वितळणार. मैद्याचे कण ते शोषून घेतात, त्याची दाटसर लेप होते आणि ती कडेवरून ओघळत नाही. ७ इंची गोल टिनला १ चमचा तूप आणि १ मोठा चमचा मैदा पुरतो. टिन तिरका धरून फिरवायचा, काठापर्यंत सगळीकडे पांढुरकी झाक आली पाहिजे. मग सिंकवर उपडा करून आपटायचा. हे आपटणं टाळलं की केकच्या पाठीवर कच्च्या मैद्याचे पांढरे डाग दिसतात. चॉकलेट केकला मैद्याऐवजी कोको वापरा. नक्षीदार बंट टिनच्या खोबणींत मैदा नीट पोचत नाही. तिथे तेल, वनस्पती तूप आणि मैदा समप्रमाणात घेऊन फेटलेली पेस्ट ब्रशनं लावावी. तिला तोड नाही.

तळाला कागद घालणं हा सर्वांत खात्रीचा उपाय, पण कागद कुठला ते बघा. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंगचा कागद केकपासून आपसूक सुटतो. ‘बटर पेपर’ म्हणून मिळणाऱ्या प्रत्येक कागदावर तो थर असतोच असं नाही. शंका असेल तर दोन्ही बाजूंनी तूप लावा. मेणकागद ओव्हनमध्ये नकोच, त्याचं मेण वितळतं. कंडेन्स्ड मिल्कच्या बिनअंड्याच्या केकला तर कागद हवाच, कारण त्या डब्यात वजनानं निम्म्याहून जास्त साखर असते. कुकरमध्ये केक करताना आच सगळी खालून येते आणि तळाची साखर आधी करपते. म्हणून शिट्टी आणि रिंग काढायची, मिठाच्या थरावर स्टँड ठेवायचा आणि गॅस बारीक.

गोव्याच्या बिबिंक्यात, म्हणजे थराथरांच्या गोड केकात, तुपाचा हाच गुण जरा वेगळ्या कामी येतो. तिथे प्रत्येक थर वरून आच देऊन भाजतात आणि पुढचा थर ओतण्याआधी चमचाभर तूप सोडतात. त्या तुपामुळे थर एकमेकांत मिसळून जात नाहीत, सुटे दिसतात.

शिफॉन केक, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याच्या फेसावर फुगणारा हलका केक, त्याचा न्याय उलटा. त्याच्या टिनला तूप लावायचंच नाही. फेटलेल्या पांढऱ्याचा फेस कोरड्या कडेला धरून वर चढतो, आणि थंड होतानाही केक त्याच आधारानं टिनमध्ये उपडा लटकत राहतो. तूप लावलं तर तो खाली बसतो.

नेहमीचा केक मात्र टिनमधून १० ते १५ मिनिटांत काढायचा. त्याआधी स्टार्च इतका मऊ असतो की केक मोडतो. फार उशीर केला तर अडकलेली वाफ तळाशी पाणी होऊन बसते आणि पाक आवळतो. कड टिनपासून केसभर सुटलेली दिसली की पातळ सुरी टिनच्या भिंतीला टेकवून, एकाच दिशेनं फिरवा. करवतीसारखी वरखाली केली तर केक ओरबाडला जातो. नॉनस्टिक टिनला लोखंडी सुरी नको, प्लॅस्टिकची पट्टी घ्या. केक थंड होऊन बसलाच, तर टिनचा तळ बारीक गॅसवर ५ ते १० सेकंद फिरवा किंवा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यावर ठेवा. पाक सैल होतो, केक सुटतो.

एवढं करूनही दर वेळी एकाच जागी चिकटत असेल, तर टिनवरून बोट फिरवून पाहा. पिवळसर, चिकट थर लागला तर ते जुनं तेल आहे. तापून तापून त्याचं रोगण झालेलं असतं. त्यावर बॅटर हमखास बसतं. तारेच्या घासणीनं तो खरवडला तर ॲल्युमिनियमवर नव्या खाचा पडतात. गरम पाण्यात भांडी घासायचा साबण घालून टिन रात्रभर भिजवा आणि सकाळी मऊ स्पंजनं घासा. थर जुना असेल तर हे दोन-तीनदा करावं लागतं.