बुवांची पट्टी आणि गिटारची एक वेगळी तार

गणपतीत मालवण-वेंगुर्ल्याकडे घरोघरी भजनं रंगतात तेव्हा पेटीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बुवा, पट्टी कुठली?" म्हणजे सा कुठल्या पट्टीवर धरायचा; सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या एक ते सात आणि काळ्या एक ते पाच अशा मोजतात. एक बुवा काळी दोनमध्ये गाणारे, दुसरे पांढरी चारमध्ये. पट्टी बदलली की पेटीवर बोटांची ठेवणही बदलते, कारण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सारख्या अंतरावर येत नाहीत. गिटारवर हा त्रास व्हायचं खरं तर कारण नाही. तिथे काळं-पांढरं काही नसतं, एक फ्रेट (दांड्यावरची धातूची आडपट्टी) पुढे गेलं की स्वर अर्ध्याने, म्हणजे एका अर्धस्वराने, चढतो आणि बारा फ्रेट्सनी सप्तक पुरं होतं. तरीही भजनात गिटार घेऊन बसलेला मुलगा पट्टी बदलली की अडखळतो. माझ्या मते त्यात त्याचा दोष फार थोडा आहे. गोम तारा लावण्याच्या रूढ पद्धतीत आहे.

गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून बारीक तारेकडे अशा लावतात: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. शेजारच्या दोन तारांमध्ये 5 अर्धस्वरांचं, म्हणजे सा ते म एवढं अंतर असतं. फक्त पांढरी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये ते 4 अर्धस्वरांचं, सा ते ग एवढंच आहे. सगळा घोळ या एका जागेमुळे होतो.

सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांचा भूप राग वाजवून बघा. सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर पांढरी पाच मिळते, तिला सा माना. त्याच तारेवर तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर सा, रे. पुढच्या तारेवर दुसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर ग, प. त्यापुढच्या तारेवर पुन्हा दुसऱ्या आणि पाचव्यावर ध आणि वरचा सा. प्रत्येक तारेवर दोन स्वर, हात जागचा हलत नाही. आता बुवा म्हणाले, पांढरी चार घ्या. चौथ्या तारेच्या (तारांचे क्रमांक बारीक तारेपासून मोजतात) तिसऱ्या फ्रेटवर ती आहे, म्हणून तिथून तोच आकार धरला. सा, रे, ग, प बिनचूक आले, पण धैवताला हात घातला तर भलताच स्वर वाजला. कारण आपण ती वेगळी जागा ओलांडली. आता दुसऱ्या-पाचव्याऐवजी तिसरं आणि सहावं फ्रेट धरावं लागतं. सुरुवात तिसऱ्या तारेवरून केली तर आकार आणखी निराळा. एकाच भूपाचे असे तीन आकार पाठ करायचे, आणि प्रत्येक रागासाठी पुन्हा हेच.

ती जागा कुणी निष्काळजीपणाने ठेवलेली नाही. सहाही तारा मध्यमाच्या अंतराने लावल्या तर पहिल्या आणि शेवटच्या तारेत 25 अर्धस्वर होतात, दोन सप्तकांपेक्षा एक जास्त. एका ठिकाणी एक कमी केला की 24 होतात, दोन्ही टोकांच्या तारा एकाच स्वराच्या होतात आणि सहा तारा एकदम छेडून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, वाजवणं सोपं जातं. गाण्याला कॉर्डची साथ द्यायची तर ही सोय मोठी आहे. पण ज्याला स्वरावलीनेच चालायचं आहे, त्याला तिची किंमत मोजावी लागते.

उपाय सरळ आहे. बारीक दोन तारा अर्ध्या स्वराने चढवायच्या, पांढरी सातची काळी नव्हे तर पुढची पांढरी एक करायची आणि सर्वांत बारीक तार पांढरी चारला न्यायची. मग सगळीकडे मध्यमाचंच अंतर राहतं. अमेरिकन जॅझ गिटारवादक स्टॅन्ली जॉर्डन अशाच तारा लावून वाजवतात. भूपाचा वरचा आकार आता कुठल्याही तारेवरून, कुठल्याही पट्टीत तसाच चालतो. नुकसान एवढंच की कॉर्डच्या पुस्तकातले बरेच आकार बाद होतात.

मध्यमाऐवजी सगळीकडे गांधाराचं अंतर घेतलं तर? तीन वेळा 4 म्हणजे 12, त्यामुळे दर तीन तारांनी तेच स्वर वरच्या सप्तकात परत येतात. तीन तारा आणि चार फ्रेट्स एवढ्या जागेत बाराही स्वर बसतात, एका बोटाला एक फ्रेट. राल्फ पॅट या अमेरिकन वादकाने 1964 मध्ये ही रचना हाती घेतली. सहा तारांची एकूण झेप मात्र 20 अर्धस्वरांवर येते, म्हणून पॅटने पुढे जास्त तारांच्या गिटारी वापरल्या.

इथे आपल्या कानाने सावध राहावं. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार षड्जाच्या 1.25 पट कंपनांचा असतो. गिटारच्या फ्रेट्समधला गांधार सुमारे 1.26 पट. फरक किरकोळ वाटतो, पण स्वयंभू गांधाराने तीन वेळा चढत गेलात तर 2 पट व्हायच्या जागी 1.953 पटच होते आणि वरचा सा अर्धस्वराच्या 40 टक्क्यांहून जास्त उतरलेला निघतो. ते बेसूर कुणाच्याही कानाला टोचेल. मध्यमाच्या अंतरात हा फरक इतका बारीक आहे की कानाने लावलेली गिटारही बऱ्यापैकी जुळते. गांधाराची रचना मात्र ट्यूनरवरच लावावी.

पंचमाचं अंतर आपल्या किनाऱ्याला ओळखीचं आहे. गोव्यात मांडो या गीतप्रकाराच्या साथीला घुमट या तालवाद्याबरोबर व्हायोलिन असतं, आणि व्हायोलिन काय, मॅन्डोलिन काय, दोन्हींच्या तारा पंचमानेच लावतात: पांढरी पाच, दोन, सहा, तीन. मग गिटारवर हे सर्रास का होत नाही? खालच्या पांढरी एकपासून पंचमाने चढत गेलं तर सर्वांत बारीक तार सेकंदाला 494 कंपनांवर न्यावी लागते. नेहमी ती 330 वर असते. स्वर दीडपट करायचा तर ताण सव्वादोन पट लागतो, आणि पोलादी तार त्याआधीच तुटते.

बारीक तार घालू, असं कुणीही म्हणेल. तिला ताण कमी लागतो हे खरं. पण तार जितकी बारीक तितकी तिची ताकदही कमी, आणि दोन्ही अगदी एकाच प्रमाणात घटतात. म्हणून तार कुठल्या स्वराला तुटेल हे तिच्या जाडीवर ठरतच नाही! ते ठरतं धातूवर आणि कंप पावणाऱ्या लांबीवर. गिटारची ही लांबी साधारण 65 सेंटिमीटर, मॅन्डोलिनची 35 च्या आसपास, म्हणून मॅन्डोलिनची बारीक तार 659 कंपनं सहज सोसते. इंग्लंडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याने 1980 च्या दशकात तडजोड केली. पाच तारा पंचमाने लावल्या आणि सर्वांत बारीक तार पांढरी पाचवर, 392 कंपनांवर थांबवली.

भजनातल्या मुलांना मी मध्यमाचीच रचना सुचवेन. तार अर्ध्या स्वराने चढवली तरी ताण 12 टक्क्यांनी वाढतो, आणि खाऱ्या हवेत गंजलेली तार तेवढ्यानेही जाऊ शकते. त्यापेक्षा बारीक दोन तारा आहेत तशा ठेवाव्यात आणि जाड चार अर्ध्या स्वराने उतरवाव्यात. अंतरं तीच मिळतात, आणि सर्वांत जाड तार मोकळीच काळी दोनमध्ये बोलू लागते.