मांजर घराचे की माणसाचे?

ठाण्यातल्या नौपाडा-पाचपाखाडी भागातील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या की सामानाचा टेम्पो भरताना अनेक घरांत एकच प्रश्न निघतो, तो म्हणजे मांजराचे काय करायचे. कुत्रा माणसामागे जातो आणि मांजर घर धरून राहते, तेव्हा त्याला इथेच राहू द्यावे, चार दिवसांत ते शेजारच्या घरी रुळेल, असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात क्रौर्य नसते. मांजराला अन्न आणि जागा एवढ्याशीच मतलब असतो आणि माणूस म्हणजे त्याच्या लेखी वाटीत मासळी टाकणारा हात, ही समजूत मात्र असते. ही समजूत प्रयोगाने तपासता येते, आणि ती तपासली गेलेलीही आहे.

तपासणीतली मुख्य अडचण अशी की घरात मांजर, माणूस, अन्न आणि जागा या चारही गोष्टी एकत्रच असतात. संध्याकाळी दार उघडताच पायाशी घुटमळणारे मांजर मायेने आले की भुकेने, हे त्या घुटमळण्यावरून कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मानसशास्त्राला हीच अडचण फार पूर्वी आली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आई दूध पाजते म्हणून मूल तिला बिलगते, असे अनेक अभ्यासक मानत असत. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माकडाच्या पिल्लांपुढे दोन कृत्रिम आया ठेवल्या होत्या, एक तारेची आणि दुसरी मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईकडे असली तरी पिल्ले दूध पिऊन परत येत आणि बहुतेक वेळ कापडी आईला बिलगून राहत. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी याच सुमारास मांडले की पिल्लाची ही ओढ अन्नाची नसून सुरक्षिततेची असते, आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी ती ओढ मोजण्याची पद्धत बसवली : अनोळखी खोलीत आईने मुलाला थोडा वेळ सोडून जायचे आणि मग परत यायचे.

या पद्धतीच्या मुळाशी असलेली यंत्रणा विलक्षण सुंदर आहे. लहान सस्तन प्राण्याच्या मनात दोन प्रेरणा एकमेकींविरुद्ध ओढत असतात : नवे काही दिसले की जवळ जाऊन पाहावे ही एक, आणि धोका वाटला की आपल्या माणसाकडे पळावे ही दुसरी. उपवन तलावाकाठी नुकते चालू लागलेले मूल पाहावे. ते आईपासून दहा पावले पळते, मागे वळून ती जागेवर आहे ना हे बघते आणि आणखी पुढे पळते; आई दिसेनाशी झाली की मात्र खेळ तिथल्या तिथे थांबतो. आईचे असणे भीतीची प्रेरणा शांत करते, आणि भीती शांत झाली की कुतूहल आपोआप मोकळे होते. म्हणूनच पक्क्या भावबंधाची खूण केवळ बिलगण्यात नसते. आपले माणूस जवळ असताना त्याच्यापासून दूर जाऊन निर्धास्तपणे खेळता येणे हीदेखील त्याची तितकीच महत्त्वाची खूण असते. एन्सवर्थ यांनी त्यामुळे ताटातुटीच्या रडण्यापेक्षा पुनर्भेटीकडे अधिक लक्ष दिले. एकटे पडल्यावर कोणीही घाबरेल. आपले माणूस परतल्यावर ती भीती किती लवकर ओसरते आणि लक्ष पुन्हा खेळण्याकडे जाते का, यात खरी माहिती असते.

अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाली आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हीच कसोटी मांजरांना लावली. अनोळखी खोलीत मांजर दोन मिनिटे मालकाबरोबर, दोन मिनिटे एकटे आणि पुन्हा दोन मिनिटे मालकाबरोबर, एवढाच हा प्रयोग. खोली अनोळखी असल्यामुळे ‘घराची ओढ’ आपोआप बाजूला पडते, हे त्याचे मर्म आहे. तीन ते आठ महिन्यांच्या ज्या 70 पिल्लांचे वर्गीकरण करता आले, त्यांपैकी 64.3 टक्के पिल्ले मालक परतल्यावर त्याला भेटून पुन्हा खोली धुंडाळू लागली, म्हणजेच त्यांचा बंध ‘सुरक्षित’ ठरला. उरलेल्यांपैकी बहुसंख्य पिल्ले परतलेल्या मालकाला चिकटूनच राहिली, तर थोडी त्याला टाळू लागली. 38 प्रौढ मांजरांमध्ये सुरक्षित बंधाचे प्रमाण 65.8 टक्के निघाले.

मानवी बाळांमध्ये हे प्रमाण सुमारे 65 टक्के असल्याने, मांजरे बाळांइतकेच प्रेम करतात, अशा मथळ्यांचे पीक आले. हा अर्थ त्या आकड्यांतून निघत नाही. वर्गीकरणातील प्रमाण सारखे आहे म्हणून भावनेची खोली किंवा तिचे स्वरूप सारखे ठरत नाही.

शिवाय याविरुद्ध जाणारा अभ्यासही आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या अॅलिस पॉटर आणि डॅनियल मिल्स यांनी 2015 मध्ये 20 मांजरांवर प्रयोग करताना मालकाच्या जोडीला एक परकी व्यक्तीही खोलीत आणली. मालक बाहेर गेल्यावर मांजरे अधिक ओरडली, परंतु जवळ जाण्याच्या किंवा खेळण्याच्या बाबतीत मालक आणि परका यांत सुरक्षित बंध दाखवणारा फरक आढळला नाही. त्या ओरडण्याचे कारण वैताग किंवा सवय असू शकते, असे या लेखकांचे म्हणणे होते. व्हिटाली यांच्या चाचणीत परकी व्यक्ती नव्हती. त्यामुळे मांजराला मालक परतल्यामुळे धीर आला की कोणीही माणूस आत आला असता तरी तो आला असता, हे त्या प्रयोगातून काटेकोरपणे ठरत नाही. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो.

मांजर आपला माणूस वेगळा ओळखते, याचा पुरावा मात्र दुसरीकडून मिळतो. जपानमध्ये आत्सुको साइतो यांनी 2013 मध्ये दाखवले की ध्वनिमुद्रित परक्या आवाजांनंतर मालकाचा आवाज ऐकवला की मांजरे कान आणि मान वळवतात, मात्र उठून येत बहुधा नाहीत. साहो ताकागी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. मालकाचा आवाज एका ठिकाणाहून आणि लगेच दुसऱ्या, अशक्य वाटावे अशा ठिकाणाहून आला की मांजरे चकित झाली, याचा अर्थ नजरेआड असलेला माणूस कुठे आहे याची नोंद ती मनात ठेवत होती. हे अर्थातच ज्ञान झाले, माया नव्हे. परंतु विशिष्ट माणसाशी बंध जुळायचा तर ही ओळख आधी लागतेच.

ही ओढ आली कुठून, याचे उत्तर मांजराच्या वंशात शोधावे लागते. पाळीव मांजर पश्चिम आशियातील रानमांजरापासून आले, हे 2007 मधील जनुकीय अभ्यासाने दाखवले, आणि ते रानमांजर प्रौढपणी एकटे राहणारे आहे. आई आणि पिल्लू यांचा बंध मात्र त्यातही असतो, आणि बहुधा हीच तयार यंत्रणा पाळीव मांजरात माणसापर्यंत ताणली गेली. जन्मानंतरच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा प्रेमळ स्पर्श मिळालेली पिल्ले पुढे माणसाळतात. नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जन्मलेले काळे पिल्लू नेमक्या याच आठवड्यांत अपशकुनी म्हणून दारादारांतून हुसकले जाते, आणि मग ते माणसाला बुजते तेव्हा त्याच्या ‘स्वभावाला’ दोष दिला जातो. त्या पिल्लाच्या आडवे गेलेला अपशकुन खरे तर माणूसच असतो.

घर बदलताना मांजर बिथरते, हे निरीक्षण मात्र खोटे नाही. मांजर गालांच्या आणि पंजांच्या ग्रंथींमधील गंध भिंती-फर्निचरवर उमटवून आपला प्रदेश आखते, आणि ही व्यवस्था भावबंधाहून वेगळी असते. जुन्या इमारतीकडे पळालेले मांजर आपला प्रदेश शोधत असते. त्यावरून माणसाची ओढ नाही असा निष्कर्ष निघत नाही. नव्या फ्लॅटमध्ये गंधाच्या सगळ्या खुणा एकदम नाहीशा होतात आणि ओळखीचा उरतो तो माणूस, म्हणजे प्रयोगशाळेतल्या त्या अनोळखी खोलीसारखीच परिस्थिती असते. तेव्हा पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावे, तिथे जुन्या घरातली न धुतलेली चादर अंथरावी, पलंगाखाली दडून बसले तर ओढून काढू नये, आणि गॅलरीला जाळी बसवून निदान तीन आठवडे तरी त्याला बाहेर सोडू नये.