सोल्डरिंग : नवशिक्यांचे हातकाम

दोन धातूंचे भाग न वितळवता, त्यांच्यापेक्षा कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने ते जोडण्याच्या पद्धतीला सोल्डरिंग किंवा डाखकाम म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्समध्ये घटकाचा तारेसारखा पाय पीसीबीवरच्या (तांब्याच्या वाटा छापलेल्या बोर्डवरच्या) तांब्याच्या पॅडला, म्हणजे छोट्या ठिपक्याला, असा जोडला जातो. ठाण्याची वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतील रबाळे-महापे-तुर्भ्याचा टीटीसी औद्योगिक पट्टा या भागांत हे कौशल्य रोजच्या पोटापाण्याचे आहे. महापे एमआयडीसीतील एका भागाला तर इलेक्ट्रॉनिक झोन असेच नाव आहे. कारखान्यांत बहुतेक जोड आता यंत्रे करतात, पण रिवर्क (चुकलेल्या जोडांची दुरुस्ती), वायरी आणि जाड कनेक्टर अजून हातानेच होतात. आयटीआयच्या दोन वर्षांच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडमध्ये सोल्डरिंग शिकवतात. दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली राहूनही अनेकजण शिकतात.

सुरुवातीला २३० व्होल्टवर चालणारी २५ वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न पुरते. तापमान ठरवता येणारे सोल्डरिंग स्टेशन सोयीचे असते, मात्र पहिला खर्च चांगल्या सोल्डर वायरवर करावा. स्वस्त, भेसळीच्या वायरीने हात चुकीच्या सवयी शिकतो. बाजारात ६०/४० वायर सहज मिळते : ६० टक्के कथील, ४० टक्के शिसे, आत राळेचा गाभा. बारीक कामाला २२ गेज घ्यावी. ६३/३७ मिळाली तर अधिक चांगली, कारण ती १८३ अंश सेल्सिअसला थेट द्रवाची घन होते. ६०/४० मात्र सुमारे १९० ते १८३ अंशांदरम्यान लिबलिबीत राहते आणि तेवढ्यात पाय हलला तर जोडाला तडा जातो. पत्र्याच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स (धातू स्वच्छ करणारा पदार्थ) पीसीबीवर कधीही वापरू नये. मागे उरलेले आम्ल खाडीकाठच्या दमट हवेतले पाणी ओढून तांब्याचे ट्रॅक खाते.

खरी विद्या उष्णता कुठे द्यायची यात आहे. नवशिक्या हमखास बिटवर, म्हणजे आयर्नच्या तापलेल्या टोकावर, सोल्डर वितळवतो आणि तो थेंब जोडावर नेऊन ठेवतो. तोपर्यंत राळ जळून गेलेली असते, पॅड थंडच असते, आणि थेंब नुसता वर बसतो. योग्य रीत अशी : बिट पॅड आणि पाय दोन्हींना एकदम टेकवायचे, सेकंदभर थांबायचे, मग वायर बिटला न लावता समोरच्या बाजूने तापलेल्या जोडाला लावायची. सोल्डर उष्णतेकडे आपोआप धावते. आधी वायर काढायची, मग आयर्न, आणि जोड गोठेपर्यंत काही हलवायचे नाही. सगळे तीन-चार सेकंदांत होते. कल्हईवाला नवसागर टाकून तांब्याचे भांडे स्वच्छ करतो आणि मगच कथील फिरवतो. इथे नवसागराचे काम राळ करते. स्वच्छ झालेल्या तांब्याशी कथिलाचा संयोग होऊन सीमेवर दोन्हींच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो, आणि जोडाची पकड त्या थरामुळेच येते. म्हणून चांगल्या जोडाची कड पॅडवर पातळ पसरलेली आणि उतार आत वळलेला दिसतो. मण्यासारखा गोल थेंब दिसला, तर खाली काहीच धरलेले नाही असे समजावे.

असा जोड म्हणजे दुकानांतला कुप्रसिद्ध ‘ड्राय सोल्डर’. संच थापटल्यावर चालू होतो, तापल्यावर बंद पडतो. ट्रान्सफॉर्मर, कनेक्टर अशा जड भागांच्या पायांभोवती बारीक गोल चीर भिंगातून पाहिली की सापडते. नुसते आयर्न टेकवून भागत नाही : जुने सोल्डर काढावे, पाय काळा पडला असेल तर ब्लेडने खरवडावा आणि नवे सोल्डर द्यावे. उलट, फार वेळ तापवले तर पॅडच बोर्डवरून उचलले जाते. बोर्डवरचे ग्राउंडचे (सर्किटच्या सामायिक जोडणीचे) मोठे तांबे उष्णता शोषून घेते. तिथे तापमान वाढवण्यापेक्षा रुंद बिट उपयोगी पडते.

सरावासाठी भंगारातले बोर्ड उत्तम. आधी वितळलेले सोल्डर ओढून घेणारा पंप आणि ते शोषणारी तांब्याच्या तारांची विक यांनी घटक काढायला शिकावे, कारण काढता येते हे कळले की लावण्याची भीती जाते. नंतर झिरो पीसीबीवर (नुसती भोके आणि पॅड असलेल्या कोऱ्या बोर्डवर) रेझिस्टर, एलईडी लावावेत. सुट्या भागांसाठी ठाणेकर अजूनही ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडची वाट धरतात. बिट ओल्या स्पंजवर पुसावी, पण आयर्न बंद करण्यापूर्वी तिच्यावर ताजे सोल्डर ठेवावे. लोखंडी मुलामा असलेल्या बिटला कानस लावू नये. मुलामा गेला की आतले तांबे कथिलात विरघळत जाते.

धूर राळेचा असतो. त्याने दमा होऊ शकतो. पावसाळ्यात खिडक्या बंद करून काम करताना धूर तोंडापासून दूर खेचणारा छोटा पंखा हवाच. शिसे या तापमानाला हवेत फारसे जात नाही, ते हातांवाटे पोटात जाते. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत आणि वायर दातांत धरण्याची सवय लागू देऊ नये. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून, तर भारताने २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी बहुतेक नव्या उपकरणांत शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. कारखान्यांत प्रचलित असलेले कथील-चांदी-तांब्याचे शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळते आणि चांगला जोडही मंद, काहीसा खरखरीत दिसतो, त्यामुळे तिथे चकाकीवरून नव्हे तर कड कशी पसरली आहे यावरून जोड पारखतात.