धाडीत सापडलेली मुलगी: आरोपी की पीडित?

१९९६च्या फेब्रुवारीत मुंबई पोलिसांनी कामाठीपुरा आणि आसपासच्या कुंटणखान्यांवर मोठ्या धाडी घातल्या. चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांत नेपाळच्या मुलींची संख्या मोठी होती. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. पण बाहेर काढल्यावर त्यांचं करायचं काय, याची तयारी कुणाचीच नव्हती. महिनोन्‌महिने त्या सरकारी निवारागृहांत अडकून पडल्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं, कारण नागरिकत्वाचा पुरावा नव्हता. अल्पवयात फसवून आणलेल्या मुलीकडे कसला दाखला असणार? अखेर जुलैत दोन्हीकडच्या स्वयंसेवी संस्थांनी सव्वाशेच्या आसपास मुलींना काठमांडूला पोहोचवलं. त्यांतल्याच काहींनी मिळून 'शक्ती समूह' ही संस्था काढली. तस्करीतून सुटलेल्या बायकांनी स्वतः चालवलेल्या या संस्थेला २०१३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मुलगी आरोपी की पीडित, हा गोंधळ कायद्यातच मुरलेला होता. संविधानाच्या २३व्या कलमाने माणसांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १९५६ साली अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा आला. पोलीस ज्याला 'पिटा' म्हणतात, ते नाव त्याला १९८६च्या दुरुस्तीनंतर मिळालं. दलाल आणि कुंटणखाना चालवणारी घरवाली यांना शिक्षा करणाऱ्या याच कायद्यात कलम ८ आहे. गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल ते त्या बाईलाच आरोपी करतं. दलाल शोधावा लागतो, ती मात्र समोर उभीच असते.

वकिलांचा प्रश्न तर आणखी गंभीर. धाडीनंतर मुलीला सोडवायला वकील उभा राहायचा, तो बहुधा तिला विकत घेणाऱ्यांचाच असायचा. कामाठीपुऱ्यात १९८६पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा' संस्थेने ही बाब उच्च न्यायालयात नेली. २००२च्या निकालाने सांगितलं की आरोपीचा वकील पीडितेच्या वतीने उभा राहू शकत नाही, आणि अठरा वर्षांखालची मुलगी ही काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालकच मानायची. माझ्या मते इथलं खरं वळण हेच, कारण तिच्या नावाने बोलण्याचा विकणाऱ्याचा हक्क इथे काढून घेतला गेला.

२०१३च्या दुरुस्तीने तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७०मध्ये तस्करीची सविस्तर व्याख्या आणली आणि पीडितेच्या संमतीचा मुद्दा गैरलागू ठरवला. फूस लावून, धाकाने किंवा पैशाचं आमिष दाखवून मिळवलेला 'हो' यापुढे दलालाच्या कामाचा राहिला नाही.

मात्र 'वाचवणं' म्हणजेही कैदच, असा अनुभव अनेक सज्ञान बायकांनी घेतला. निवारागृहात ठेवलेल्या तिघींना सोडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२०मध्ये दिला. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रीला धाडीत अटक किंवा त्रास होऊ नये, असे निर्देश दिले. कोण फसवून आणलेली आणि कोण स्वतः आलेली, हे पोलीसगाडीच्या उजेडात, घरवालीच्या डोळ्यांदेखत विचारून कळत नाही. कर्ज कुणाच्या नावावर आहे, फोन कुणाकडे असतो, बाहेर एकटीला जाता येतं का, हे तिच्या भाषेत, शांतपणे, एकीकडे बसवून विचारावं लागतं.