दुपार स्वस्त, संध्याकाळ महाग

सौर पॅनेल लांबून पाहिलं तर काळ्या काचेचं एक साधं तावदान. जवळ जाऊन, जरा तिरकं उभं राहून पाहिलं की त्यावर केसाहूनही बारीक रेघांची जाळी दिसते. मोजायला बसलात तर डोळे दुखतील, इतक्या बारीक. या रेघा चांदीच्या असतात. सिलिकॉनच्या चकतीत उन्हामुळे सुटे झालेले इलेक्ट्रॉन गोळा करून बाहेर आणायचं काम त्यांचं. कापडावर जाळीतून रंग दाबून नक्षी छापतात, तशीच चांदीची पेस्ट सेलवर, म्हणजे या चकतीवर, छापायची आणि भट्टीतून काढायची. एका सेलवर चांदी किती? शंभरेक मिलिग्रॅम, बऱ्याचदा त्याहूनही कमी. पण सेल इतके बनतात की जगात वर्षभरात लागणाऱ्या चांदीपैकी दहाव्या भागाहून जास्त चांदी या रेघांमध्येच जाते.

त्यामुळे सेलच्या कारखान्यातल्या इंजिनियरला झोप लागत नाही ती या रेघेपायी. ती आणखी दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक झाली तर वर्षाला कित्येक टन चांदी वाचते. सौरऊर्जेची बातमी म्हटली की वाळवंटात क्षितिजापर्यंत पसरलेल्या पॅनेलांचा फोटो येतो. मला मात्र हा उद्योग कळला तो या रेघेवरून. सत्तर वर्षं हा धंदा कातरत आला आहे: चांदी कातर, सिलिकॉन कातर, काच कातर, नफाही कातर.

सुरुवात मात्र भलतीच महाग होती. १९५४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर सेल जगाला दाखवला. अंगावर पडलेल्या उन्हातल्या साधारण ६ टक्के ऊर्जेची तो वीज करत होता. किंमत अशी की पृथ्वीवर गिऱ्हाईकच मिळेना. मिळालं ते अवकाशात. १९५८ साली व्हॅनगार्ड-१ हा चिमुकला उपग्रह दोन ट्रान्समीटर घेऊन वर गेला. बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही आठवड्यांतच मुका झाला, सौर सेलवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. ज्या जागी तार नेता येत नाही आणि बॅटरी बदलायला कुणी जाऊ शकत नाही, तिथे किंमत कोण विचारणार?

पुढचं अर्धशतक घसरगुंडीचं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर एका वॉटच्या पॅनेलला आजच्या हिशेबाने शंभर डॉलरच्या आसपास पडत. २०२४ मध्ये तोच वॉट दहा सेंटच्या आसपास मिळू लागला. म्हणजे हजारावा हिस्सा. रिचर्ड स्वॅन्सन या अभियंत्याने या घसरणीतला एक ठोकताळा दाखवून दिला: आजवर जगात बनलेल्या पॅनेलांची एकूण संख्या दुप्पट झाली की किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरते. याला त्याच्या नावाने ‘नियम’ म्हणतात खरं, पण निसर्गाचा हा काही नियम नव्हे. माणसं एकच वस्तू पुन्हा पुन्हा बनवताना शहाणी होतात, त्याचा हा हिशेब आहे.

हे शहाणपण कसं दिसतं, ते सिलिकॉन कापण्याच्या एका कामात पाहता येतं. १४१४ अंश सेल्सियसला वितळणाऱ्या शुद्ध सिलिकॉनच्या रसात एक छोटा स्फटिक बुडवून, गोल फिरवत हळूहळू वर ओढला की माणसाहून उंच दंडगोल तयार होतो. या पद्धतीला यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाचं नाव आहे. १९१६ मध्ये लिहिता लिहिता त्याने टाक दौतीऐवजी चुकून वितळलेल्या कथलात बुडवला आणि टोकाशी धातूचा बारीक धागा ओढला गेला, अशी हकिकत सांगतात. तर या दंडगोलाच्या चकत्या करायच्या. पूर्वी पोलादी तारेवर घासणाऱ्या भुकटीचा चिखल सोडून कापत. त्यात जवळजवळ निम्मं सिलिकॉन भुशात जाई. इतक्या कष्टाने शुद्ध केलेला माल आणि त्याचा भुसा! मग तारेवरच हिऱ्याचे कण बसवले. तार बारीक झाली, काप जलद होऊ लागला, भुसा घटला. चकतीची जाडीही उतरत उतरत आता दीडशे मायक्रॉनच्या आत आली आहे. एवढी पातळ चकती हातात घेतली तर ती कागदासारखी लवते, आणि जरा जास्त लवली की तुटते.

या कातरण्यात कंपन्याही कापल्या गेल्या. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर विजेला वीस वर्षं ठरलेला दर द्यायचं कबूल केलं आणि मागणी एकदम उसळली. शुद्ध सिलिकॉन कमी पडलं, २००८ मध्ये त्याचा भाव किलोला चारशे डॉलरच्या वर गेला. सिलिकॉन असंच महाग राहणार, या हिशेबावर अमेरिकेतल्या सोलिंड्रा कंपनीने सिलिकॉनशिवायचे, नळीच्या आकाराचे पॅनेल बनवले. सरकारने ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. मग सिलिकॉनचे नवे कारखाने उभे राहिले, भाव कोसळला आणि २०११ मध्ये सोलिंड्राचं दिवाळं निघालं. तंत्रज्ञान वाईट नव्हतं, फक्त ज्या भावावर पैज लावली तो भाव टिकला नाही.

हरणारे फक्त अमेरिकेतच होते असं नाही. सिडनीत मार्टिन ग्रीन या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलेल्या शी झंगरोंग यांनी चीनमध्ये सनटेक कंपनी काढली. २००५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोचली, आणि २०१३ मध्ये तिचा मुख्य कारखाना दिवाळखोरीत गेला. पण तोवर चीनमध्ये काचेपासून चौकटीपर्यंत सगळा माल एकाच पट्ट्यात मिळू लागला होता. आज पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. क्षमता तर इतकी वाढली आहे की जगाला वर्षाला लागतात त्याच्या जवळपास दुप्पट पॅनेल बनू शकतात. परिणाम व्हायचा तोच झाला. २०२४ मध्ये तिथल्या बड्या कंपन्यांनी अब्जावधी युआनचे तोटे जाहीर केले. या जीवघेण्या स्पर्धेला चिनी लोक ‘नेइच्युआन’ म्हणतात, म्हणजे आतल्या आत गुंडाळत जाणं. पॅनेल हा आता सिमेंटच्या पोत्यासारखा माल झाला आहे. बनवणारा कोण, याला गिऱ्हाईक फारशी किंमत देत नाही.

मग कंपनीने वेगळं काय करायचं? तेवढ्याच उन्हातून जास्त वीज काढायची. इथे गंमत पृष्ठभागाची आहे. सेलमध्ये प्रकाशाने सुटा केलेला इलेक्ट्रॉन रेघेपर्यंत पोचायच्या आत जिथे संधी मिळेल तिथे पुन्हा खड्ड्यात पडतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. असे खड्डे सर्वांत जास्त असतात ते सिलिकॉन जिथे संपतं तिथे, आणि धातू टेकतो तिथे. पर्क नावाच्या सेलमध्ये मागच्या बाजूला एक थर चढवून त्यातले बरेच खड्डे बुजवले. ही कल्पना १९८० च्या दशकात ग्रीन यांच्याच गटात जन्मली, कारखान्यांत सर्रास यायला पुढे तीस वर्षं लागली. आता बाजार टॉपकॉनचा आहे. त्यात सिलिकॉन आणि धातूचा संपर्क यांच्यामध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा असतो. खड्डे झाकण्याइतका जाड, आणि इलेक्ट्रॉनला क्वांटम भौतिकीच्या चोरवाटेने पलीकडे जाता येईल इतका पातळ. क्वांटमचं हे अजब वागणं आता छपरावर पंचवीस वर्षांच्या हमीसह मिळतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

जाता जाता एक गैरसमज. कडक ऊन म्हणजे भरपूर वीज, असं नाही. पॅनेलला प्रकाश हवा, ताप नको. सेलचं तापमान २५ अंशांच्या वर एकेक अंश चढलं की वीज सुमारे ०.३ टक्क्यांनी घटते. भर उन्हात सेल ६५ अंशांवर गेला की बारा टक्क्यांना कात्री लागलीच.

पण सिलिकॉन कितीही घासूनपुसून घेतलं तरी त्याला मर्यादा आहे. विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी १९६१ मध्ये तिचं गणित मांडलं. सिलिकॉनच्या स्वभावातल्या आणखी काही गळत्या धरल्या की ती मर्यादा साधारण २९.४ टक्के येते, आणि प्रयोगशाळेतले उत्तम सेल २७ टक्क्यांच्या पुढे पोचलेही आहेत. कारण रंगांमध्ये आहे. निळ्या प्रकाशाचा कण सिलिकॉनला लागते त्याहून जास्त ऊर्जा आणतो, ती जास्तीची ऊर्जा उष्णतेत जाते. अवरक्त प्रकाशाचे बरेचसे कण अपुरे पडतात, ते आरपार निघून जातात. यावर उपाय म्हणजे दोन मजले करायचे. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेईल, उरलेला खालच्या सिलिकॉनला मिळेल.

वरच्या मजल्यासाठी सध्याचा लाडका उमेदवार म्हणजे पेरोव्हस्काइट. हे एका स्फटिकरचनेचं नाव आहे. मूळ खनिज उरल पर्वतात १८३९ मध्ये सापडलं, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये एकोणीस वर्षांच्या एडमंड बेकेरेलला प्रकाशातून थेट वीज मिळू शकते हे प्रथम दिसलं. या दोन गोष्टींची गाठ पडायला २००९ उजाडलं. जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइटचा सेल केला, कार्यक्षमता ३.८ टक्के. आज सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेल्या दुमजली सेलने ३४ टक्के ओलांडले आहेत, आणि २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने असे पॅनेल पहिल्यांदा विक्रीसाठी पाठवले. तरीही विक्रमांच्या आकड्यांवर फार भाळू नये. ते बहुतेक वेळा नखाएवढ्या तुकड्यावर मोजलेले असतात. पेरोव्हस्काइटला ओल सोसत नाही, उष्णता सोसत नाही, आणि सौर सेलच्या बाबतीत ऐकायला विचित्र वाटेल, पण ऊनही फारसं सोसत नाही. शिवाय त्यात शिसं असतं. पंचवीस पावसाळे काढणाऱ्या सिलिकॉनशी त्याची गाठ आहे.

इथवर सगळं पॅनेलचं झालं. पण धंद्याचं गणित आता पॅनेलच्या बाहेर सरकलं आहे. जगात सौरऊर्जेचं पहिलं टेरावॉट, म्हणजे एक लाख कोटी वॉट, बसायला २०२२ उजाडलं, दुसरं २०२४ मध्येच बसलं. आणि ही सगळी पॅनेलं एकाच वेळी, दुपारी वीज देतात. गावातल्या साऱ्या बागांमधली फळं एकाच दिवशी पिकली तर भावाचं काय होईल, तेच इथे होतं. जर्मनीच्या वीजबाजारात २०२४ मध्ये ४५७ तास विजेचा भाव शून्याच्या खाली होता, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच वर पैसे. कॅलिफोर्नियात तर दुपारी खोल जाणारा आणि सूर्य मावळताना ताठ मान वर काढणारा, सौर वीज वजा जाता उरलेल्या मागणीचा आलेख २०१३ पासून ‘बदक’ म्हणूनच ओळखला जातो. नवं पॅनेल बसवणारा प्रत्येक जण दुपारचा भाव थोडा आणखी पाडतो, स्वतःचाही आणि शेजाऱ्याचाही.

मग किंमत आली ती वेळेला. काही शेतांमध्ये दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारी पॅनेलं कुंपणासारखी उभी लावतात, एक तोंड पूर्वेला, एक पश्चिमेला. दुपारी ती जवळजवळ आडोशालाच जातात, पण सकाळ-संध्याकाळ, भाव असतो तेव्हा, भरात येतात. खरी उलथापालथ मात्र बॅटरीने केली. २०१० मध्ये लिथियम बॅटरीला किलोवॉट-तासामागे हजार डॉलरच्या वर पडत, २०२४ मध्ये ते सरासरी ११५ वर आले. २०२५ च्या सुरुवातीला अबू धाबीने जाहीर केलेल्या प्रकल्पाचे आकडे पाहा: ५.२ गिगावॉटची पॅनेलं, १९ गिगावॉट-तासांच्या बॅटऱ्या, आणि त्यातून चोवीस तास एक गिगावॉट वीज. एकासाठी पाच! वीस वर्षांपूर्वी असा प्रस्ताव घेऊन गेलेल्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. पॅनेल स्वस्त झालं की उधळपट्टीसुद्धा शहाणपणाची ठरते.

ही स्वस्ताई कुणाची परवानगी मागत नाही, हे पाकिस्तानात दिसलं. २०२४ या एका वर्षात तिथे सुमारे १७ गिगावॉटची पॅनेलं आयात झाली, देशातल्या साऱ्या वीजकेंद्रांच्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. महाग आणि बेभरवशाच्या विजेला कंटाळलेल्या घरांनी, कारखान्यांनी आणि शेतकऱ्यांनी ती आपली आपण बसवली. पण वीजकेंद्रांचे करार आणि तारांचा खर्च तसाच राहतो. ऐपतवाले बाहेर पडले की तो उरलेल्यांच्या बिलात वाटला जातो, मग त्यांनाही बाहेर पडावंसं वाटतं. यावर चांगलं उत्तर अजून कुठल्याही देशाने दाखवलेलं नाही.

आणि मग जुनं झालेलं पॅनेल. २०५० पर्यंत जगात ७.८ कोटी टनांपर्यंत पॅनेलं मोडीत निघालेली असतील, असा आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेचा २०१६ चा अंदाज आहे. काच, ॲल्युमिनियमची चौकट, सिलिकॉन, सगळं एका चिकट प्लॅस्टिकच्या थरात घट्ट बसवलेलं, पंचवीस वर्षं पाणी आत शिरू नये म्हणून. म्हणजे सुटं करायला तेवढंच अवघड. हा खटाटोप परवडतो तो मुख्यतः चांदीसाठी. वजनात नगण्य असली तरी मोडीच्या किमतीत तिचा वाटा मोठा. आज मोडीत येणारी जुनी पॅनेलं त्या बाबतीत श्रीमंत आहेत, कारण त्यांच्या रेघा जाड होत्या. आता चांदीचा भाव चढल्यामुळे कारखाने रेघ आणखी बारीक करत आहेत, काही तर तांब्याकडे वळत आहेत. तांबं सिलिकॉनमध्ये झिरपून सेल नासवतं, म्हणून मध्ये अडसराचा थर घालावा लागतो, तरी ते स्वस्तच पडतं. वाचलेली प्रत्येक मिलिग्रॅम चांदी आजच्या कारखानदाराच्या खिशात जाते, आणि पंचवीस वर्षांनी तेच पॅनेल उचलायला येणाऱ्या मोडवाल्याच्या हाती काच आणि प्लॅस्टिक तेवढं उरतं.